कोपरवाल्या दोघी

मी पळायला लागले ती शिक्षा म्हणून.

आमच्या कॉलेजचे खेळाचे सर चालताना दोन्ही पाय बाहेर टाकतात, हात मागं बांधतात, आणि दर चार पावलांनी शिट्टी तोंडात घालून परत काढतात. वाजवत मात्र न्हाईत. मी झरीहून सकाळच्या बसनं परभणीला यायची आणि स्टँडपासून कॉलेजपर्यंत कुणा ना कुणाच्या मागं, त्याच्यासारखंच चालत यायची. कधी एखादे वकील, कधी भाजीवाली, एकदा तर बँकेतले साहेब. कामच तेवढं होतं वाटेत. त्या दिवशी सर मैदानातून ऑफिसकडं चालले होते आणि मी त्यांच्या मागं. हात मागं, पाय बाहेर, शिट्टीच्या जागी पेनचं टोपण. समोरून पोरी हसत आल्या. सरांनी वळून बघितलं न्हाई, ते निस्ते थांबले. ते थांबले म्हणून मी पण थांबले. त्यांनी तोंडातली शिट्टी काढली. मी टोपण काढलं.

"दहा राउंड," सर म्हणले.

दहा राउंड म्हणजे चार किलोमीटर. मला तवर बस सुटायली असली तरच पळणं माहीत. आमचं मैदान काळ्या मातीचं, त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून चारशे मीटरचा ट्रॅक केलेला. उन्हाळ्यात त्याला भेगा पडत्यात, पावसाळ्यात त्यो बुटाला चिकटून आपल्यासंग घरी येतो. पहिला अर्धा राउंड मी रडत काढला. मग माझ्या पुढनं एक पोरगी गेली.

ती सोनपेठकडची. घरची मेंढरं. शिकायला म्हणून पिंगळीला मावशीकडं ऱ्हायची आणि तिथनं पॅसेंजरनं परभणीला यायची. आमच्या कॉलेजात पाच हजार मीटर पळणारी तेवढी एकच पोरगी होती, आणि तिचं पळणं म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. डावं कोपर बाहेर, काखेत काहीतरी जपून धरल्यासारखं. आणि दर दहा-बारा पावलांनी मान उजवीकडं झटकन फिरवून मागं बघायची. मागं कुणी नसलं तरी.

आता एवढं आयतं पुढं चाललंय म्हणल्यावर मी काय करणार? लावलं कोपर बाहेर, फिरवली मान, आणि लागले मागं. पुढचं मला नीट आठवत न्हाई. मी राउंड मोजत नव्हते, कोपर बघत होते. एकदम कानात शिट्टी वाजली. सरांची शिट्टी वाजते हे मला त्या दिवशी कळलं. दहा कवाच झाले होते, मी बाराव्यात होते, आणि मला निस्ता घाम आला होता.

सर लय हुशार माणूस. ते रागावले न्हाईत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकटीला पळवलं. मी दीड राउंडात पोट धरून खाली बसले. मग आठशे मीटर पळणाऱ्या एका पोरामागं सोडलं, तर मी आठशे मीटर पळून बरोबर त्याच्यासारखीच गवतात उताणी पडले, एक पाय हालवत. मग कँटीनवाल्या मामांना विनंती केली. मामा अर्ध्या राउंडात दूध उतू जाईल म्हणून कँटीनकडं वळले. मी बी वळले. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणले, आजपासून तू हिच्या मागं पळायचं, दुसऱ्या कुणाच्या मागं दिसलीस तर बघ.

असं आमचं जमलं. पहिले आठ दिवस ती माझ्याशी बोललीच न्हाई. तिला वाटायचं मी टिंगल करायले. करायलेच होते म्हणा, पण पाच-पाच किलोमीटर कोण टिंगल करतं? नवव्या दिवशी तिनं मला नळावर गाठलं आणि विचारलं, माझं कोपर खरंच एवढं बाहेर असतंय का? मी दाखवलं. मग तिनंच सांगितलं. लहानपणापासून कळपामागं पळायची सवय, आणि काखेत हमेशा कालपरवा जन्मलेलं एखादं कोकरू. त्याला अजून चालता येत न्हाई, म्हणून उचलून घ्यायचं. हात तसाच ऱ्हायला. आणि मागं बघायचं ते एखादं मेंढरू ऱ्हायलं का म्हणून.

"आता कुटं मेंढरं हायेत गं मागं?" मी विचारलं.

"तू हायेस की," ती म्हणली.

त्या दिवसापासून आमी मैत्रिणी.

स्पर्धा दिवाळीच्या तोंडावर होत्या, आमच्याच मैदानावर, आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांच्या. त्याच्या महिनाभर आधी तिच्या मावशीचं ठरलं, की दिवाळी झाली की बिऱ्हाड पुण्याला हालवायचं. म्हणजे पिंगळीचं घर बंद. सोनपेठहून रोज एसटीनं येऊन-जाऊन कॉलेज होत न्हाई. आणि पोरींच्या हॉस्टेलची यादी जूनमधीच भरलेली. फक्त एक वाट होती. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर त्या पोरीला हॉस्टेलवर खोली द्यायचीच, असा आमच्या कॉलेजचा नियम. आणि संघात जाणार पाच हजार मीटरच्या पहिल्या दोघी.

हे तिनं मला पेरू खात सांगितलं. पहिली येईन असं ती म्हणली न्हाई, कारण दुसऱ्या कॉलेजची एक पिवळ्या बुटांची पोरगी होती आणि ती पळायला लागली की बाकीच्या उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. दुसरी आले तर खोली, तिसरी आले तर मेंढरं, एवढंच ती म्हणली आणि पेरूचं देठ फेकून दिलं. मग महिनाभर तिचं कोपर आणि माझं कोपर, रोज पहाटे, साडेबारा राउंड.

आता स्पर्धेचा दिवस. आधी भाषणं झाली. पाहुण्यांनी खेळाडूंनी वेळेचं महत्त्व ओळखावं असं पाऊण तास सांगितलं, त्यामुळं आमची शर्यत सकाळची ती ऊन चढल्यावर सुरू झाली. ट्रॅकच्या कडेला मांडवात टेबल होतं, तिथं राउंड मोजायला वेगवेगळ्या विषयांचे सर-मॅडम बसवलेले. आमच्या गटाच्या रेघा मारायचं काम ग्रंथालयाच्या मॅडमकडं आलं. मॅडम लय शिस्तीच्या, पुस्तक एक दिवस उशिरा दिलं तरी चष्म्यावरून बघणाऱ्या.

पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा राउंड. सुरुवात टेबलाच्या समोरच्या बाजूनं होते, आधी अर्धा राउंड येतो, म्हणून प्रत्येक पोरगी टेबलापुढनं तेरा वेळा जाती. तेरा वेळा गेली की तिच्या नावापुढं तेरा रेघा. सोपं हाय. फक्त छातीवरचे नंबर दिसले पाहिजेत.

आमचे नंबर सरांच्या पोरीनं घरी केले होते. कागदावर निळ्या स्केचपेननं, कडेला फुलं काढून. आणि ऊन लय म्हणून वळणावर पोरं बादली-मग घेऊन उभी, जी येईल तिच्या डोक्यावर पाणी. दुसऱ्या राउंडला माझ्या छातीवर नंबरच्या जागी एक निळा ढग होता. तिच्या बी. सगळ्यांच्याच. मॅडमनी मग काय करावं? त्यांनी डोकं चालवलं. नंबर खोडले आणि खुणा लिहिल्या. पिवळे बूट. दोन वेण्या. चष्मा. आणि आमच्यासाठी, कोपर.

हे आमाला नंतर कळलं. तवा आमी पळायलो होतो.

पिवळे बूट निघाले ते निघालेच. त्यांच्या मागं दोन वेण्या, मग ती, मग मी, मग बाकीच्या. पाच-सहा राउंड असे सुरेख गेले की मला पळताना हसायला यायलं. वळणावरच्या पोरांना पाण्याच्या बदल्यात मी पळता पळता प्राचार्यांसारखा नमस्कार करायचे. पण सातव्या राउंडाला मला काहीतरी चुकायला लागलं. माझं कोपर आत आलं होतं. का आलं म्हणून बघते तर पुढं तिचंच आत आलेलं. मान फिरवणं बंद. पावलं लांब लांब पडायलीत, टाच उचलून. हे तिचं पळणं नव्हतंच. हे पिवळ्या बुटांचं होतं. माझा रोग तिला लागला होता, ते बी नको त्या दिवशी. ती त्या पोरीच्या मागं डोळे लावून तिच्या चालीनं निघाली होती, आणि त्या चालीला तिचा दम पुरत नव्हता. आठवा राउंड संपेतो तिची छाती भात्यासारखी वाजायली आणि दोन वेण्या आमच्या पुढं वीस-पंचवीस पावलं निघून गेल्या. तिची चाल ढासळली तशी माझी बी ढासळली. मागं राहून माझ्या हातून दुसरं काही होणारच नव्हतं.

मग मी ते केलं जे कधी केलं नव्हतं. टेबलापुढं आमी आलो तवा मी बाहेरून तिच्या बरोबरीला गेले, खांद्याला खांदा, आणि म्हणले, "बघ, तू अशी पळतीस."

आणि पुढं झाले.

माझ्या पुढं नक्कल करायला कुणीच नव्हतं. पण महिनाभर मी तिच्याकडं एवढं बघितलं होतं की डोळे मिटले तरी दिसायची. डावं कोपर काढलं बाहेर. खरं सांगायचं तर जरा जास्तच काढलं, एक कोकरू कशाला, दोन बसतील एवढं. दर दहा पावलांनी मान उजवीकडं आणि तिच्याकडं अशी बघायची, की ह्ये मेंढरू मागं ऱ्हायलं वाटतं. वर तोंडानं कळपाला घालत्यात तशी हाळी. वळणावरची पोरं पाणी टाकायचं विसरली. मागनं तिचा आवाज आला, अर्धा दम, अर्धा राग, "माझं कोपर एवढं नसतंय."

"असतंय," मी न वळता म्हणले.

तिनं दोन-तीन शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत न्हाई, मेंढपाळांच्या शिव्यांना लांबी लय असती. पण शिवी द्यायला दम लागतो, म्हणजे दम परत आला होता. मी मान फिरवली तवा तिचं कोपर बाहेर होतं. मला वाटलं आता उडावं. दोघी एकाच पळण्यानं, एक पुढं एक मागं, दहावा राउंड, अकरावा, आणि मला कुटंच दुखत नव्हतं. शेवटचा राउंड सुरू झाला त्याची घंटा वाजली तवा दोन वेण्या आमच्या हाताच्या अंतरावर होत्या. समोरच्या बाजूला आमी त्यांना मागं टाकलं, आणि वळणावर ती मला टाकून पुढं गेली. जाताना पाठीत एक धपका घालून गेली. मग मी परत तिच्या मागं, माझ्या जागेवर.

पिवळे बूट पहिले. ती दुसरी. पाच-सहा पावलांनी मी तिसरी. मी. तिसरी. दोन वेण्या चौथ्या.

आमी दोघी मातीत पडून असं हसायलो होतो की बघणाऱ्याला वाटावं ऊन लागलं. सर आले, त्यांनी दोघींच्या डोक्यावर एकेक मग ओतला. तेवढ्यात टेबलाकडं आवाज वाढले.

दोन वेण्यांच्या कॉलेजच्या सरांनी हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं, रेघा बघा. मुख्य पंच म्हणजे टोपी घातलेले एक निवृत्त मास्तर. त्यांनी कागद मागवला. पिवळे बूट, तेरा. दोन वेण्या, तेरा. चष्मा, अकरा, ती अजून पळायलीच होती. आणि कोपर ह्या एकाच ओळीत, एकापुढं एक, पंचवीस.

पंचांनी रेघा परत एकदा मोजल्या. पंचवीस राउंड पळाली कोण, म्हणून त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणल्या, कोपरवाल्या दोघी होत्या, पण कोणती कोणती ते कळंना, म्हणून मी दोघींच्या रेघा एकाच ओळीत मारत गेले. पुस्तकाच्या दोन प्रती असल्या तरी नोंद एकच असती की. पंचांनी बोटांवर हिशोब केला. तेरा आणि तेरा सव्वीस. एक रेघ कमी. म्हणजे दोघींपैकी एकीचा एक राउंड कमी.

माझ्या लगेच ध्यानात आलं. टेबलापुढं मी तिच्या बरोबरीला गेले होते, खांद्याला खांदा. मॅडमना बाजूनं एकच पोरगी दिसली आणि त्यांनी एकच रेघ मारली. ती पंचांना हेच सांगायली होती, हात हालवून, मातीत भरलेली. पंचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणले, पोरी, तू म्हणतीस ते खरं बी असंल, पण कागदावर ते दिसंना. मग मोबाईल मागवले. मैदानात पन्नास-साठ मोबाईल असतील आणि प्रत्येकानं शर्यत घेतली होती. सगळ्यांत त्यांचंच तोंड, आणि मागं कुटंतरी धुळीत आमी. एकात तर निस्ती बादली.

पंचांनी टोपी काढून ठेवली. राउंड कुणाचा कमी ते ठरत नसंल, तर दोघींचा निकाल रद्द, असं ते म्हणले. आवाज मोठा नव्हता. वाईट वाटत होतं त्यांना, ते दिसत होतं. तिनं छातीवरच्या कागदाच्या टाचण्या काढायला सुरुवात केली, एकेक, नीट, परत वापरायच्या असल्यासारख्या.

"सर," मी म्हणले, "माझा कमी हाय."

सगळे माझ्याकडं वळले. आमचे खेळाचे सर बी. पंचांनी विचारलं, कसा?

"नवव्या राउंडाला मला दम लागला. मी निंबाच्या झाडामागं बसले, मग परत आत आले."

पंचांनी मैदानाकडं बघितलं. मी पण बघितलं. मैदानाला निंबाचं झाड न्हाई. कुठलंच झाड न्हाई. आजवर एवढ्या लोकांच्या नकला केल्या, पण खोटं बोलणाऱ्याची कधी नीट केली नव्हती, त्यात मी कच्ची निघाले.

"कुटं बसली म्हणलीस?" पंचांनी परत विचारलं, सावकाश, एखाद्या पोराला पाढा चुकल्यावर परत विचारत्यात तसं.

"पाण्याच्या टँकरमागं," मी म्हणले. टँकर होता.

"ती खोटं बोलायली," ती ओरडली. "सर, ती माझ्या पुढं होती, मला शिकवायली होती पळायला." ह्यावर कुणाचाच विश्वास बसला न्हाई, कारण मला कॉलेजात सगळे ओळखतात. मी तिच्या पायावर पाय दिला. आमच्या सरांच्या हातात घड्याळ होतं आणि त्यात माझे सगळे राउंड होते, एकेक सेकंदासकट, हे त्यांना माहीत आणि मला माहीत. त्यांच्या घड्याळाचं कुणी ऐकणार नव्हतं, घरचं घड्याळ. त्यांनी माझ्याकडं बघितलं, घड्याळ खिशात घातलं आणि पंचांना म्हणले, ही पोरगी दीड राउंडाच्या वर पळत न्हाई, मला माहीत हाय.

दोन वेण्यांचे सर तेवढ्यावर राजी झाले, कारण त्यांची पोरगी चौथीची तिसरी झाली होती. पंचांनी कागद घेतला, कोपर ह्या ओळीच्या मधोमध एक उभी रेघ मारली, डाव्या बाजूला तेरा लिहिलं, उजव्या बाजूला बारा. तेराच्या खाली तिचं नाव, बाराच्या खाली माझं. आणि माझ्या नावापुढं, शर्यत अपूर्ण.

मैदानापासून स्टेशनपर्यंत ती माझ्याशी बोलली न्हाई. मी तिच्या मागं तिच्यासारखी रागानं चालत गेले. प्लॅटफॉर्मवर मी पंचांच्या आवाजात विचारलं, पोरी, कागदावर तुझा राग दिसंना. ती हसली आणि मग हसली म्हणून लय चिडली, आणि गाडी आली.

दिवाळीनंतर ती लोखंडी पेटी घेऊन हॉस्टेलवर आली. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतनं मैदान दिसतं. मी पेटीचा एक कान धरून वर नेऊ लागले. तिच्या भावानं सोबत दिलेलं दुधाचं भांडं सांडणार न्हाई असं जिना चढताना मी तीनदा सांगितलं आणि चौथ्या वळणावर सांडलं. पेटी खाटेखाली सारली न्हाई तोवर ती मला हाताला धरून खाली मैदानात घेऊन आली. वही आणि पेन घेऊन.

"तुझा एक राउंड ऱ्हायलाय," ती म्हणली.

मी म्हणले, मी पळालेय की, तुला माहीत हाय. तर ती पंचांचा आवाज काढायला गेली. एवढा वाईट आवाज मी आजवर ऐकला न्हाई. "कागदावर ते दिसंना."

आता अशा माणसाशी कोण भांडणार. भर दुपारी, दुधानं भिजलेल्या सलवारीवर, डावं कोपर बाहेर काढून मी चारशे मीटर पळाले. ती फक्कीच्या रेघेवर मांडी घालून बसली होती, मांडीवर वही. मी तिच्यापुढं येऊन थांबले आणि विचारलं, मारली का रेघ?

"थांब," ती म्हणली, पेन उचलून. "कोपर कुणाचं होतं, ते सांग आधी."

"माझं."

"मग परत पळ."